इंगोले सर आणि कच्चा कागद

खरं सांगायचं तर इंगोले सरांवर लिहायचा मला कंटाळा आहे. शाळेच्या स्मरणिकेची मंडळी दोनदा घरी येऊन गेली. "बाई, तुम्ही सरांसोबत सात-आठ वर्षं काढली, दोन पानं तर द्याल की नाही?" दिली लिहून. 'शिस्तप्रिय', 'व्यासंगी', 'विद्यार्थ्यांचे दैवत', जे जे घालतात ते सगळं घातलं. मग चष्मा पुसून वाचलं, तर ते वर्ध्यातल्या कोणत्याही मेलेल्या मास्तराला चाललं असतं. फाडून टाकलं. आता हे जे लिहिते आहे ते स्मरणिकेत छापतील असं वाटत नाही. न छापोत बापडे.

तेव्हा मॅट्रिक अकरावीची होती. आठवी संपली की गणिताच्या दोन वाटा फुटायच्या. एक बीजगणित-भूमितीची, तिला पोरं 'मोठं गणित' म्हणत. दुसरी नुसत्या अंकगणिताची, ते 'लहान गणित'. मोठं गणित घेतलं तर पुढं सायन्स कॉलेजात गणिताचा ग्रुप, आणि नशीब असेल तर नागपूरचं इंजिनिअरिंग. लहान गणित घेतलं की ते दार बंद. मग बाकीच्या विषयांत कितीही मार्क पाडा. आमच्या शाळेत मोठ्या गणिताच्या जागा चाळीस. खोली तेवढीच, आणि शिकवणारे इंगोले सर एकटेच. कोणाचं पोरगं कोणत्या वाटेनं जाणार हे दर एप्रिलमध्ये हा एक माणूस ठरवायचा. लहान गणित मी शिकवायचे. म्हणजे सरांच्या चाळणीतून जे खाली पडायचं ते माझ्या पदरात.

सर उंच, वाळके, कानांवर केस. उन्हाळ्यात टोपीखाली ओला रुमाल. सायकलला घंटी नव्हती. कोणी समोर आलं की खाकरायचे. चहा बशीत ओतून पूर्ण गार झाल्यावर प्यायचे, मग तो प्यायचाच कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाई, गरम चहा पिनारा मानूस घाईत असते. मले कुठं जायाचं हाये?" वर्गात त्यांनी कोणाला 'चूक' म्हटलेलं मी ऐकलं नाही. फळ्यापाशी पोरगं अडलं, भलतीकडे गेलं, तर मागं हात बांधून उभे राहत आणि म्हणत, "जा, जा. भिंत लागली की वापस येजो." आणि पोरगं भिंतीवर आपटून वापस येईपर्यंत खरंच थांबत. पंधरा पंधरा मिनिटं. माझ्याच्यानं ते कधी झालं नाही. मला अभ्यासक्रम संपवायचा असे.

आता ती निवड. आठवीची परीक्षा संपली की सर सगळ्या पोरांना एक उदाहरण घालत आणि तीन दिवसांची मुदत देत. "घरी जा, बापाले विचारा, मामाले विचारा, मले काई फरक नाई पडत. उत्तर काय, बाजारात भेटते. मले कच्चा कागद पाह्यजे." कच्चा कागद म्हणजे ज्याच्यावर डोकं चालवलं तो. खोडलेला, चुरगळलेला, तेलाचे डाग पडलेला. चौथ्या दिवशी सर तो गठ्ठा घेऊन खिडकीशी बसत आणि एकेक कागद उजेडात धरून पाहत. उत्तर साफ चुकलेलं, पण सात वेळा वेगवेगळ्या बाजूनं धडपडलेलं पोरगं आत. स्वच्छ, वळणदार अक्षरात बरोबर उत्तर आणणारं बाहेर. निवड झाली की ते सगळे कागद, आतल्यांचे आणि बाहेरच्यांचे, वर्षवार बांधून घरच्या लोखंडी पेटीत. वीस वर्षांचे गठ्ठे होते म्हणे.

एकदा एका जिनिंगवाल्या शेठजींची मोटार शाळेत आली. सोबत चिरंजीव आणि दोन पानं, समासाच्या रेघांसकट. सरांनी ती उलटून पाहिली, सुलटून पाहिली. "बापा, इतकं साफ तं मलेबी येत नाई." शेठजी हसले. म्हणाले, शाळेला खोल्या कमी आहेत असं ऐकतो, एक बांधून दिली तर? सर म्हणाले, "द्या ना, मेहरबानी होईन. तिथं आमच्या बाई लहान गनित शिकवतीन. तुमचा पोरगा पह्यल्या बाकावर बसन." खोली काही आली नाही. चिरंजीव मात्र माझ्या वर्गात आले आणि तीन वर्षं मागच्या बाकावर मजेत राहिले. हेडमास्तर आठ दिवस सरांशी बोलले नव्हते.

हा किस्सा आम्ही गावभर सांगत असू. अभिमानच होता तो. जो माणूस कोणाच्या बापाला ऐकत नाही तो चुकणारही नाही, असं आपण धरून चालतो. मीही धरून चालले. आता इतक्या वर्षांनी वाटतं, कोणी सरांना एकदा तरी विचारायला हवं होतं, तुम्ही चुकलात तर काय? पण विचारणार कोण? आम्हाला आयता न्याय मिळत होता.

त्याच्या पुढच्या वर्षीचं उदाहरण होतं संत्र्यांचं. टोपलीतली संत्री दोन-दोन, तीन-तीन, चार-चार, पाच-पाच, सहा-सहा अशी वाटली तर दर वेळी एक उरते; सात-सात वाटली तर एकही उरत नाही. टोपलीत संत्री किती? सुमन नावाची एक मुलगी होती, बोरगाव मेघेची. वडील रेल्वेत गँगमन. मुलगी बारीक, दोन वेण्यांची, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिनं वहीचं एक पान आणलं. त्यावर एकच ओळ: ३०१, मग ७२१, मग ११४१, असंच पुढं. बस. खोडाखोड नाही, काही नाही.

सरांनी पान उजेडात धरलं. मी तिथंच नवव्या वर्गाच्या याद्या करत बसले होते. सर म्हणाले, "कच्चं कुठं हाये?"

"नाई हाये, सर."

"नाई हाये म्हंजे? एक मागतलं तं तीन उत्तरं आनली. कोनं करून देल्लं?"

"कोनंच नाई. म्याच केलं."

"हवेत केलं काय?"

पोरं हसली. सुमन मान खाली घालून उभी राहिली आणि मग जाऊन बसली. सरांनी ते पान बाहेरच्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. सर ओरडले नाहीत, रागावले नाहीत. रोजच्यासारखंच केलं त्यांनी, आणि मीही माझी यादी लिहीत राहिले.

ती माझ्या वर्गात आली. नववीत मला काही कळलं नाही, मला कबूल आहे. साठ पोरं, व्याजाची उदाहरणं, आणि माझं धाकटं पोर तेव्हा सारखं आजारी. दहावीत एकदा मी बाकांमधून फिरत होते तेव्हा पाहिलं, सुमन बाकावर बोट फिरवत होती. बोट पाण्याच्या बाटलीत बुडवायची, लाकडावर आकडे लिहायची, ते वाळायच्या आत पुढची ओळ. वहीत फक्त शेवटचं उत्तर. मी म्हटलं, "काय गं हे? वही कशाला आहे?"

ती म्हणाली, "बाई, वही फेअरची हाये. कच्च्यानं भरून जाते न लवकर. घरी तं मी आंगनात करतो."

"अंगणात?"

"सारवलं की त्याच्यावर खडूनं. सकाळी माय झाडून टाकते."

मुली तिकडे 'करतो'च म्हणतात. पण मला त्या क्षणी भाषा वगैरे काही ऐकू आली नाही. मला ती खिडकी आठवली, ते पान आठवलं, पोरांचं हसणं आठवलं. आणि मी काय केलं? आठ दिवस गप्प बसले. इंगोले सरांना जाऊन 'तुम्ही चुकलात' म्हणायचं, हे माझ्या जिभेला वळणच नव्हतं.

शेवटी सांगितलं. सरांचा चहा बशीत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाहू." त्या रविवारी मला घेऊन सायकलनं निघाले, मी मागं कॅरिअरवर. बोरगावात सुमनच्या घरी पोचलो तेव्हा सकाळचे साडेसात-आठ झाले असतील. दारात बुद्धाची तसबीर, बाहेर छोटं अंगण, आणि तिची आई हातात झाडू घेऊन उभी. अजून झाडलं नव्हतं.

अख्खं अंगण भरलेलं होतं. तुळशीच्या ओट्यापासून, तुळस नव्हती, झेंडू होता, तिथपासून न्हाणीपर्यंत. खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, कोपऱ्यात अडकून मागं फिरलेलं. माझ्या अंकगणितातलं त्यात काही नव्हतं. पोरीनं कोणाचं तरी बीजगणिताचं जुनं पुस्तक आणलं होतं आणि एकटीच शिकत बसली होती. सर चप्पल काढून कडेकडेनं चालले. वाकून वाचलं. एका ठिकाणी थांबले, मान हलवली, पुढं गेले. न्हाणीपाशी पोचल्यावर तिथंच खाली बसले. मी या माणसाला तोवर जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात सुमनचे वडील बाहेर आले. सरांना पाहून त्यांनी हात जोडले नाहीत. म्हणाले, "सर, माह्या पोरीले तुमी चोर ठरोलं. घरी येऊन तीन दिवस जेवली नाई ते. म्या म्हनलं, सर मोठे हायेत, काई चुकलंच असन तुहं. म्याच तिले रागावलो. आता तुमी काऊन आले?"

मला वाटलं, ते आता काही तरी मास्तरी बोलतील. पण ते नुसतेच "माह्यं चुकलं" म्हणाले. आणि मग पुन्हा एकदा, सुमनकडे पाहून, "माह्यं चुकलं बाई." आई झाडू घेऊन तशीच उभी होती. त्या दिवशी त्या घरचं अंगण दुपारपर्यंत कोणी झाडलं नाही.

चूक कळली म्हणजे दुरुस्त झाली असं नसतं. शाळेत तर नसतंच. बोर्डाकडे विषयांच्या याद्या गेलेल्या होत्या. हेडमास्तर म्हणाले, आता बदल होणार नाही, आणि इंगोले, तुम्ही हे बाहेर बोलू नका, शाळेचं नाव जाईल. मग एकच रस्ता उरला. सुमननं अकरावीच्या मार्चमध्ये लहान गणित घेऊन मॅट्रिक व्हायचं, ऑक्टोबरात बाहेरून फॉर्म भरून मोठ्या गणिताला बसायचं, आणि पुढच्या जूनमध्ये कॉलेज गाठायचं. एक वर्ष वाया. तिचे वडील म्हणाले, "वर्ष गेलं तं जाऊ द्या. पोरगी जाऊ देनार नाई मी."

अकरावीचं अख्खं वर्ष शाळा सुटल्यावर माझ्याच खोलीत सर तिला शिकवत. तिला म्हणून कागदाचं रिम आणलं होतं. तिनं ते चार पानं वापरून ठेवून दिलं. तिला अंगणाची सवय. मग सर तिच्यासोबत फरशीवर बसत, पंचावन्न-छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघे धरून. खडूनं दोघं लिहीत. मी वह्या तपासत बसायचे. कधी सर अडायचे आणि सुमन म्हणायची, "सर, तिकडं भिंत हाये." तेव्हा सर हसायचे. त्या वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

ऑक्टोबरात ती बसली. मोठ्या गणितात शंभराला चार कमी. सर पेढे घेऊन बोरगावला गेले, मीही सोबत होते, पण परतताना म्हणाले, "बाई, तिले पन्नास पडले असते तं मी झोपलो असतो." मला आधी कळलंच नाही हे काय बोलून राहिले.

जूनमध्ये कॉलेजात अडलं. तिथला कारकून म्हणाला, दोन परीक्षांच्या दोन गुणपत्रिका चालत नाहीत. विद्यार्थिनीनं हा विषय आधीच का घेतला नाही, ते शाळेनं लेखी द्यावं. हेडमास्तर काही द्यायला तयार नव्हते. तेव्हा सरांनी तिथंच, खिडकीच्या दगडावर कागद ठेवून लिहिलं. मी शेजारी उभी होते, म्हणून वाचलं. 'सदर विद्यार्थिनी या विषयास पात्र होती. मी तिला खोटी समजलो आणि विषय नाकारला. चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली सही, हुद्दा. कारकुनानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "सर, असं कोणी लिहून देतं का हो? 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहा ना." सर म्हणाले, "प्रकृती ठनठनीत हाये तिची."

प्रवेश मिळाला. सुमन पुढं नागपूरला इंजिनिअरिंगला गेली, पाटबंधाऱ्यात लागली, चांगलं झालं तिचं. इथं गोष्ट संपवायला माझी काही हरकत नव्हती. पण सरांची तिथंच सुरू झाली.

कारण सुमन जितकी वर गेली तितका हा माणूस खचत गेला. तिच्या प्रत्येक पास झाल्याच्या पत्रासोबत त्यांना एकच गोष्ट पुन्हा कळायची: ही एक सापडली, ती बाईंनी पाहिलं म्हणून. बाकीच्यांचं काय? वीस वर्षांत किती जणांकडे कागद नव्हता? किती जणांनी पाटीवर केलं, पुसलं? किती जणांनी शेजाऱ्याकडे गिचमिड करून घरी पक्कं उतरवून आणलं, सरांना बरं वाटावं म्हणून? लोखंडी पेटीत सगळ्यांची नावं होती. मी म्हटलं, "सर, जाऊ द्या आता." म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गातली एकच होती. माह्ये वीस वर्ग हायेत."

नंतरच्या एप्रिलमध्ये त्यांनी निवड केलीच नाही. हेडमास्तरांना सांगितलं, चिठ्ठ्या टाका. पुढं दहावीचा नवा अभ्यासक्रम आला आणि त्या दोन वाटाच बुजल्या. सर रिटायर झाले. मला वाटलं, सुटले बिचारे.

कुठले सुटतात! पेटी उघडून त्यांनी बाहेरच्यांची यादी काढली आणि एकेकाला शोधत निघाले. सायकलनं, एसटीनं, पॅसेंजरनं. कोणी सेलूला किराणा घालून बसलेला, कोणी हिंगणघाटला सूतगिरणीत, कोणी सिंदी मेघेला आटाचक्की टाकलेला. हे जाऊन समोर उभे. नमस्कार-चमत्कार, पाणी, आणि मग, "एक उदाहरन घालतो, पाह्यतं का?" चाळीस वर्षांचा बाप्या, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि हे त्याला गणित घालतात! लोक हसत. कोणाला वाटे, सरांच्या डोक्यावर परिणाम झाला. नाही जमलं की सर यादीतलं नाव खोडत आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडं रक्त येई. एखाद्याला जमलं की तिथंच बसून राहत. अशी पाच-सहा नावं निघाली होती. त्यांच्या घरी ते पुन्हा पुन्हा जात, काही न बोलता बसून येत. त्यांच्या बायकांना कळेना की या म्हाताऱ्याला हवं तरी काय. मला राग यायचा. एखाद्याचं घर नीट चाललं आहे, तिथं जाऊन त्याला 'तू इंजिनिअर झाला असतास' हे कळवण्यात काय पुण्य? एकदा मी ते बोललेही. सर म्हणाले, "त्याले नाई सांगत, बाई. मी फक्त पाह्यतो."

माझ्या नोकरीची शेवटची चार वर्षं सिंदी रेल्वे या गावच्या शाळेत गेली. तिथं स्टेशनच्या वाटेवर भास्करचं शिलाईचं दुकान होतं. भास्कर आमच्याच शाळेचा, मी यायच्या आधीचा. कापडावर नुसती नजर टाकून सांगायचा, बाई, यात ब्लाउज निघून वर चिमणीचं झबलं निघन. आणि निघायचं. एका दुपारी मी तिथं माप द्यायला बसले होते आणि सर आले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, सर सत्तरीला टेकले असतील. पॅसेंजरमधून उतरून उन्हात चालत आलेले, हातात ती यादी. मला पाहून त्यांना विशेष आश्चर्यही वाटलं नाही. दमले होते फार. भास्करनं स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं.

"शेवटचेच चार-पाच राह्यले," मला म्हणाले. मग भास्करकडे वळले. "दोन आकडी संख्या हाये. तिच्या दोन आकड्यांचा गुनाकार कर, त्याची दुप्पट कर, तं तीच संख्या येते वापस. कोनती?"

भास्करच्या हातातला खडू कापडावर थांबला. त्यानं सरांकडे पाहिलं. पायांतल्या झिजलेल्या चपला, टोपीखालून गळणारा घाम, हातातली ती यादी. मग वर छपराकडे पाहिलं, ओठ हलवले, बोटं मोजली, बराच वेळ.

"नाई सर," म्हणाला. "मले नाई जमत. तवाबी नाई जमलं, आताबी नाई. तुमी बरोबरच केलतं."

"पक्कं?"

"पक्कं सर. आपलं डोस्कं कापडापुरतंच हाये."

सर मग उठले, भास्करच्या खांद्यावर हात ठेवला, मला "येतो बाई" म्हणाले आणि स्टेशनकडे चालू लागले. येतानापेक्षा ताठ चालत होते.

भास्करनं मशीन सुरू केलं. पाय हलवता हलवता खाली मान घालून म्हणाला, "छत्तीस."

"काय?"

"छत्तीस, बाई. त्याहीचं बोलनं पुरं व्हायच्या आंधीच आलतं." मशीन थांबलं नाही. "त्याहीले नका सांगू."

मी उठून दुकानाच्या पायरीवर आले. सर फाटकापाशी पोचले होते. मालगाडी जात होती म्हणून थांबले होते. डबे जाईपर्यंत त्यांनी खिशातून पेन काढलं, यादी फाटकावर धरली आणि एक नाव खोडलं, नीट, पट्टी लावल्यासारखं. पळत गेले असते तर गाठता आलं असतं. एकदा खरं सांगून मी या माणसाचं काय केलं होतं ते मला माहीत होतं. गाडी गेली, फाटक उघडलं, सर पलीकडे गेले. मी आत येऊन माप दिलं.